मॅच, मॅचिंग आणि माचिस

प्रश्न : क्रिकेटची मॅच, साडीवरचे मॅचिंग आणि आपण इंदुरात सर्रास म्हणतो ती माचिस, ही तिन्ही एकाच इंग्रजी शब्दाची रूपे आहेत का? असल्यास खेळाचा आणि आगीचा काय संबंध? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : इंग्रजीत लेखन आणि उच्चार एकच असला, तरी हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. खेळाचा आणि आगीचा संबंध त्यामुळे काहीच नाही; मॅचिंग मात्र खेळाच्या बाजूचे.

पहिला ‘मॅच’ अस्सल इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सोबती, जोडीदार, नवरा किंवा बायको असा होता. जोडीदारावरून बरोबरीचा माणूस, त्यावरून तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि अखेरीस त्या दोघांमधील सामना, असा तो अर्थ सरकत गेला. आखाड्यात कुस्तीची ‘जोड’ लावतात, तीत हीच कल्पना आहे. रणजी करंडकाच्या १९४५-४६ आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत होळकर व बडोदा समोरासमोर आले. पहिल्या वेळी होळकर संघाने बाजी मारली, दुसऱ्या वेळी बडोद्याने. अशा जोडीला हा शब्द त्याच्या मूळ अर्थानेही शोभतो. साडीला रंगाने जुळणारा ब्लाउज आणि एकमेकांना अनुरूप वधूवर यांच्यासाठी इंग्रजीत वापरतात तोही हाच शब्द.

दुसरा ‘मॅच’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ दिव्याची वात. कोशकार त्याचे मूळ सामान्यतः लॅटिनच्या वाटेने एका ग्रीक शब्दापर्यंत नेतात. त्या शब्दाचा अर्थ दिव्याचे नाक, म्हणजे जिथून वात बाहेर येते तो भाग, आणि त्याहून आधीचा अर्थ चक्क शेंबूड! नाकातून लोंबणारा शेंबूड आणि दिव्यातून लोंबणारी वात यांतील साम्य ज्याने प्रथम टिपले, त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी लागेल. पुढे बंदुकीची दारू पेटवण्यासाठी सोऱ्यात भिजवलेला, धुमसत राहणारा दोर वापरू लागले, तोही ‘मॅच’च. मराठीत त्याला तोडा म्हणतात. तोड्याची बंदूक बखरी वाचणाऱ्यांना परिचित आहे. गंधक लावलेल्या काड्यांनाही हेच नाव मिळाले, पण त्या पेटवायला आधी ठिणगी लागे. नुसत्या घासण्याने पेटणारी काडी इंग्लंडमधील स्टॉकटन येथील औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढली.

इथे मराठीतला एक सुंदर योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. बरोबरी या अर्थाने आपण ‘तोड’ म्हणतो (याला तोड नाही, तोडीस तोड) आणि बंदुकीची वात म्हणजे ‘तोडा’. इंग्रजीने एकाच ध्वनीत सामावलेले दोन्ही अर्थ मराठीतही असे शेजारी येऊन बसले आहेत.

‘माचिस’ हे या दुसऱ्या शब्दाच्या इंग्रजी अनेकवचनाचे आपल्या तोंडी रुळलेले रूप आहे. मूळ अर्थ ‘काड्या’. आपल्याकडे मात्र ते डबीचे नाव झाले आणि एकवचनी ठरले. त्यामुळे ‘माचिसची काडी’ याचा शब्दशः अर्थ ‘काड्यांची काडी’ असा होतो. पण रूढीने ते रूप स्थिर केले आहे आणि ते अशुद्ध मानण्याचे कारण नाही. काडेपेटी हा आपला शब्दही घरोघर वापरात राहावा, एवढी इच्छा मात्र जरूर आहे.