अमेरिकेत बारावीला असलेल्या पोराला खेळण्यासाठी कॉलेजांची एकही ऑफर नाही, जुको (ज्युनियर कॉलेज, म्हणजे २ वर्षांचं कॉलेज) बास्केटबॉलमध्ये घुसायचं कसं?

आधी एक सांगतो, कोच शोधत येईल म्हणून थांबू नका, जुकोच्या कोचकडे ना फारसा स्टाफ ना बजेट, त्यामुळे पोरानेच मेल टाकायचा (पोराने, बाबांनी नाही! कोचना ते लगेच कळतं) त्यात उंची, पोझिशन, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी), हायस्कूल कोचचा नंबर आणि ३-४ मिनिटांचा व्हिडिओ, सोबत एका पूर्ण मॅचची लिंक, कारण नुसते डंक बघून डिफेन्स कळत नाही.

एनजेसीएए म्हणजे जुको खेळांची राष्ट्रीय संघटना, तिच्यात ३ डिव्हिजन आहेत. डिव्हिजन १ ला कॉलेजच्या फीसकट राहणं-खाणंही स्कॉलरशिपमध्ये मिळू शकतं, २ ला राहण्या-खाण्याचे पैसे त्यात नसतात, ३ ला खेळासाठी स्कॉलरशिपच नाही. कॅलिफोर्नियाचं वेगळंच, तिथली कम्युनिटी कॉलेजं एनजेसीएएत नाहीत, स्पोर्ट्स स्कॉलरशिप देत नाहीत आणि आपल्या भागाबाहेरच्या पोराला कोच स्वतःहून पहिला कॉन्टॅक्ट करू शकत नाही, म्हणजे तिथे तर पोराने विचारल्याशिवाय काहीच हलणार नाही.

स्प्रिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी ओपन जिम (कोचसमोर खुलं खेळायची संधी), ट्रायआउट (निवड चाचणी) असतात, तिथे जाऊन खेळून दाखवा. रिक्रुटिंग सर्व्हिसला हजारो डॉलर देणं मला तरी फुकट वाटतं.

आणि जुको म्हणजे कमीपणा वगैरे मनात आणू नका, एनबीए स्टार जिमी बटलर टेक्ससच्या टायलर ज्युनियर कॉलेजमधून मार्केट युनिव्हर्सिटीत गेला आणि २०११ ला एनबीए ड्राफ्टमध्ये ३० वा पिक होता. फक्त क्रेडिट्स (पास केलेल्या विषयांचे गुणांक) पुढे ४ वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर होतात का ते सही करायच्या आधी विचारून घ्या.