स्पोर्ट्स कार घेताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्यावा की मॅन्युअल?

घड्याळ लावून बघायचं असेल तर ऑटोमॅटिक, यात आता वाद उरलेला नाही. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर असतात आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लागून तयार असतो. बदलताना एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. माणसाच्या हाताला हे जमणार नाही. २०१७ च्या पोर्शे ९११ जीटी३ चे कंपनीचेच आकडे बघा: ० ते १०० किमी वेगासाठी ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९.

पण गंमत अशी की २०१३ मध्ये हीच गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली होती. चाहते कुरकुरले आणि पोर्शेने मॅन्युअल परत आणला! रस्त्यावर अर्ध्या सेकंदाला कोण विचारतो? उतरत्या गिअरला स्वतः ॲक्सिलरेटरची टिचकी देऊन इंजिनचे फेरे जुळवण्यात जी मजा आहे, ती ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल ओढण्यात नाही.

रोज ट्रॅफिकमध्ये चालवणार असाल तर मात्र मुकाट्याने ऑटोमॅटिक घ्या. फक्त सुट्टीच्या दिवशी काढणार असाल, तर मी मॅन्युअलच घेईन.