राष्ट्रपतींवर महाभियोग कसा चालवतात? ट्रम्पवर दोनदा होऊनही तो पदावरून का गेला नाही?

ट्रम्पचं आधी उरकून टाकतो, त्यात फार काही नाही. अमेरिकेत महाभियोग म्हणजे नुसतं आरोप ठेवणं. ते काम खालचं सभागृह साध्या बहुमताने करतं, खटला सिनेटमध्ये चालतो आणि तिथे दोन-तृतीयांश मतं लागतात. डिसेंबर 2019 मध्ये आणि जानेवारी 2021 मध्ये आरोप लागले, दोन्हीदा तो सिनेटमध्ये सुटला. दुसऱ्या वेळी मतं पडली 57 विरुद्ध 43, हवी होती 67. तोवर तसाही त्याचा कार्यकाळ संपला होता. 1868 मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन तर एका मताने वाचला. झालं.

आपल्याकडचं मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्यावर महाभियोग झालेला आहे.

हसू नका. नागपुरात मानेवाड्याकडे आमचं ले-आऊट आहे. 58 घरं, एक नागरिक मंडळ, त्याचा मी चार वर्षं अध्यक्ष. एका रविवारी सकाळी समाजभवनात सभा लागली, विषयपत्रिकेवर 'किरकोळ बाबी' एवढंच. मी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेतो न घेतो तोच सचिव म्हणाले, "भाऊ, राग नका मानू, पण आज आम्ही तुमच्यावर महाभियोग आणून राहिलो." मला वाटलं मस्करी आहे. आरोप काय, तर कंपाउंडच्या भिंतीचा रंग मी कोटेशन न मागवता दिला. हजर 21, हात वर 15. "दोन-तृतीयांश झाले," म्हणाले. तर्री गार व्हायच्या आत मी माजी झालो आणि उपाध्यक्ष, म्हणजे सचिवांचे साळे, खुर्चीत बसले.

त्या रात्री मी संविधानातला राष्ट्रपतींच्या महाभियोगाचा अनुच्छेद 61 काढून वाचला. सचिवांनी एकदा वाचला असता तर हा शब्द तोंडातून काढला नसता.

पहिली गोष्ट, कारण एकच चालतं: संविधानाचा भंग. भंग म्हणजे नेमकं काय ते तिथे लिहिलेलं नाही हे खरं, पण भिंतीचा रंग त्यात बसत नाही हे सांगायला वकील लागत नाही. आरोप लोकसभेत ठेवा नाहीतर राज्यसभेत, आधी त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक-चतुर्थांश जणांच्या सह्यांची लेखी नोटीस हवी. लोकसभेत 136 सह्या. मग निदान 14 दिवस थांबायचं. मला 14 मिनिटंही मिळाली नाहीत.

त्यानंतर ठराव, आणि आमचं भांडण आहे ते इथेच. एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. एकूण! जे आलेत त्यांच्या नव्हे. 543 ची लोकसभा धरली तर 362, भले त्या दिवशी अर्धे बाक रिकामे असोत. घरी बसलेला माणूसही तुमच्या बाजूनेच उभा असतो, असा त्याचा अर्थ. या हिशेबाने आमच्या ले-आऊटमध्ये 39 हात लागले असते. माझ्या शेजारचे तर त्या रविवारी रामटेकला गेले होते, त्यांना सोमवारी दूधवाल्याकडून कळलं.

एका सभागृहात पास झालं तरी संपत नाही. दुसरं सभागृह चौकशी करतं, तिथे राष्ट्रपती स्वतः हजर राहू शकतात किंवा आपल्या वतीने कोणाला पाठवू शकतात, आणि तिथेही पुन्हा एकूण संख्येच्या दोन-तृतीयांशांनी आरोप सिद्ध झाल्याचा ठराव व्हावा लागतो. तो झाला की त्या तारखेपासून पद गेलं. मला कोणी 'तुम्हाला काय म्हणायचंय' एवढं विचारलं? उलट माझ्या हातातली प्लेट घेतली आणि म्हणाले, बसा भाऊ.

एक गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात आणि नामनिर्देशित खासदार देत नाहीत. काढताना नेमकं उलटं.

आजवर आपल्या एकाही राष्ट्रपतींवर हे झालेलं नाही. मत न देण्याचं वजन बघायचं तर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना काढायचा लोकसभेतला 1993 चा ठराव बघा. न्यायाधीशांचा नियम थोडा वेगळा आहे, पण तिथेही एकूण संख्येचं बहुमत लागतंच. ठरावाच्या बाजूने 196, विरोधात एकही नाही, 205 जण तटस्थ बसले, आणि ठराव पडला. हे मी सचिवांना ऐकवलं तर म्हणे, "ते दिल्लीचं झालं."

पद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती काम बघतात, तेही नसतील तर सरन्यायाधीश. 1969 मध्ये असं झालंय: झाकीर हुसेन गेले, व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिला, आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींचं काम बघत होते. आमच्या मॉरिस कॉलेजचा विद्यार्थी बरं का, इथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीशही राहिलेले. विषय निघालाच म्हणून सांगितलं.

आता दोन गोष्टी कबूल करतो. सचिव त्या दिवशी "अमेरिकेत हजर असलेल्यांचेच दोन-तृतीयांश मोजतात" म्हणाले होते, ते बरोबर आहे, सिनेटमध्ये तसंच आहे. आणि रंगाचं कोटेशन मी खरंच मागवलं नव्हतं. रंगारी ओळखीचा होता, पोळ्याच्या आधी काम व्हायला हवं होतं, देऊन टाकलं.

पण तुम्ही कुठल्याही मंडळात असाल तर आजच नियमावली काढा आणि बहुमत 'एकूण' सदस्यांचं की 'उपस्थित' सदस्यांचं ते बघा. आमच्या वहीत ती ओळ निळ्या शाईत आहे, आणि 'दोन-तृतीयांश'च्या आधी काकपद देऊन वर बारीक अक्षरात 'उपस्थित' लिहिलंय, काळ्या शाईत. त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. सचिव म्हणतात पहिल्यापासूनच तसं होतं.