बूट्स रायली आधी कार्यकर्ता होता की आधी रॅपर?

आधी कार्यकर्ता. अमेरिकेतल्या ओकलंडचा हा गडी किशोरवयातच डाव्या चळवळीत उतरला होता. त्याचा ‘द कूप’ हा रॅप गट त्यानंतर, १९९१च्या सुमारास उभा राहिला. अल्बम आणि मुलाखती क्रमाने ऐकल्या की हे लगेच कळतं. पहिला अल्बम १९९३चा, दुसरा १९९४चा, आणि नाव होऊ लागलेलं असताना हा पठ्ठ्या संगीत बाजूला ठेवून पुन्हा संघटनेच्या कामाला लागला. १९९८मध्ये परतला. आर्थिक विषमतेविरुद्धच्या २०११च्या ‘ऑक्युपाय ओकलंड’ आंदोलनातही तो पुढे होताच.

मात्र त्याची गाणी म्हणजे घोषणाबाजी नव्हे. घरभाडं, थकलेली बिलं, फुटकळ नोकऱ्या, आणि वर फंकचा ठेका नि खवचट विनोद.

एका बाबतीत उगाच गैरसमज होतो. २००१च्या ‘पार्टी म्युझिक’ या अल्बमच्या मूळ मुखपृष्ठावर स्फोटात उडणारे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे होते, पण ते चित्र ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या काही महिने आधीच तयार होतं. त्यात रायलीच्या हातात आहे तो गिटारचा ट्यूनर, बाँबचं बटण नव्हे. अल्बम नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या मुखपृष्ठानिशी आला. २०१८पासून रायली मुख्यतः चित्रपट दिग्दर्शक म्हणून ओळखला जातो.