पाकिटावर छापलेले प्रथिनांचे प्रमाण प्रयोगशाळेत नेमके कसे मोजतात? त्या आकड्यावर कितपत विसंबावे?

मी अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत हेच काम करते, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. नेहमीच्या चाचणीत प्रथिने थेट मोजली जातच नाहीत; मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून प्रथिनांचा आकडा काढला जातो.

यासाठी आजही सर्वाधिक मान असलेली पद्धत योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली. दळून एकजीव केलेला नमुना संहत सल्फ्युरिक आम्लात, पोटॅशियम सल्फेट आणि उत्प्रेरक म्हणून कॉपर सल्फेट घालून, सुमारे 400 अंश सेल्सिअसला तापवतात. नळीतले मिश्रण आधी काळे होते, मग तपकिरी आणि शेवटी निळसर हिरवे, नितळ. नितळ दिसले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. त्यानंतरही बराच वेळ तापवावे लागते, नाहीतर थोडा नायट्रोजन अडकून राहतो आणि आकडा कमी येतो. पुढे अल्कली घालून सुटलेला अमोनिया बोरिक आम्लात धरतात आणि प्रमाणित आम्लाने त्याचे अनुमापन करतात, म्हणजे ते आम्ल किती लागले यावरून नायट्रोजन काढतात. ड्यूमा नावाच्या दुसऱ्या पद्धतीत नमुना अतिउच्च तापमानाला जाळून नायट्रोजन वायूच मोजतात. ती काही मिनिटांत होते, पण नायट्रेटमधला नायट्रोजनही त्यात धरला जातो.

खरी मेख गुणकात आहे. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो असे धरून 6.25 हा गुणक आला. परंतु दुधासाठी 6.38 आणि गव्हाच्या पिठासाठी 5.70 वापरतात. पिठात 2 टक्के नायट्रोजन सापडला, तर 5.70 ने उत्तर 11.4 टक्के येते आणि 6.25 ने 12.5. मोजणी तीच, नमुनाही तोच, तरी एक टक्क्याहून अधिक फरक पडतो. त्यामुळे गुणक न लिहिलेला अहवाल मला अपुरा वाटतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. नायट्रोजन प्रथिनांतून आला की अन्य कशातून, हे या दोन्ही पद्धतींना कळत नाही. चीनमध्ये 2008 मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात पाणी घातलेल्या दुधाचा आकडा वाढवण्यासाठी मेलामाइन हे रसायन मिसळले होते, ज्यात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. त्यामुळे लाखो बालके आजारी पडली आणि काही दगावली. प्रथिनांच्या भुकटीत ग्लायसिन हे स्वस्त अमिनो आम्ल (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक) मिसळण्याचा प्रकारही याच उणिवेचा फायदा घेतो: 100 ग्रॅम शुद्ध ग्लायसिन 6.25 च्या हिशेबाने सुमारे 117 ग्रॅम 'प्रथिने' दाखवते!

म्हणून भुकटीबाबत शंका असेल, तर अमिनो आम्लांचे पृथक्करण मागावे. त्यात प्रथिने 6 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांना साधारण 24 तास ठेवून तोडतात आणि प्रत्येक अमिनो आम्ल वेगळे मोजतात. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल या हायड्रोक्लोरिक आम्लात नष्ट होते, म्हणून त्याची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते. मात्र मिसळलेले सुटे ग्लायसिनही एकूण बेरजेत येतेच, तेव्हा सुट्या अमिनो आम्लांची मोजणी, म्हणजे नमुना न तोडता केलेली, सोबत करून घ्यावी. साध्या धान्यासाठी किंवा डाळीसाठी एवढा खर्च करण्याची गरज सहसा नसते; तिथे पद्धत, गुणक आणि आकडा ओलाव्यासह काढला आहे की कोरड्या वजनावर, एवढे अहवालात पाहिले तरी पुरते.