भांडवल हवंय, पण कोणतं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. उलाढाल ६ कोटी. आणखी एक लाइन टाकायची आहे. व्हेंचर कॅपिटल मिळेल का? (एक वाचक, जळगाव)

मिळणार नाही, आणि कुणी देऊ केलंच तर घेऊ नका. व्हेंचर कॅपिटल म्हणजे कंपनीत हिस्सा घेऊन फंडाने घातलेले पैसे, कर्ज नव्हे. अशा फंडाची मुदत साधारण १० वर्षांची. तेवढ्यात त्यालाही आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे वाढवून परत करायचे असतात. त्याने पैसे घातलेल्या बऱ्याच कंपन्या बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात, आणि ती सगळी भरपाई एक-दोन कंपन्यांकडून व्हायची असते. म्हणून हा धंदा दहा-वीस पट होईल का, हे फंड आधी बघतो. डाळमिलीत नफा किलोमागे थोडका आणि पैसा अडकतो तो हंगामात भरून ठेवलेल्या तूर-हरभऱ्यात. डाळ दुप्पट काढायची तर मालही दुप्पट घ्यावा लागतो. तुम्हाला मशिनरीसाठी मुदत कर्ज, मालासाठी कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेकडून लागेल तशी उचल) आणि तारण कमी पडलं तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जासाठीच्या सरकारी योजनेची हमी, एवढं पुरेल. कर्ज फिटलं की बँकेचा संबंध संपतो, हिस्सेदाराचा संपत नाही.

प्रश्न : केळी पिकवणाऱ्या चेंबरचं तापमान आणि इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सांभाळणारी यंत्रणा आम्ही दोघांनी बनवली. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, हिस्से ६० आणि ४० टक्के. एका फंडाची टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) आली आहे : २ कोटी रुपये, प्री-मनी (पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत) ६ कोटी, १० टक्के ईसॉप (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर). सही करावी का? (दोन वाचक, रावेर)

आधी हिशेब मांडा. ६ अधिक २ म्हणजे पैसे आल्यावर कंपनी ८ कोटींची, त्यात फंडाचे २५ टक्के. कर्मचाऱ्यांसाठीचे १० टक्के बहुतेक वेळा गुंतवणुकीच्या आधी, म्हणजे फक्त तुमच्या वाट्यातून काढायला सांगतात. तसं झालं तर तुम्हा दोघांकडे ६५ टक्के उरतात : ३९ आणि २६. तुमच्या हिश्शाची किंमत ६ नव्हे, ५.२ कोटी झाली. पुढच्या दीड वर्षात लागतील तेवढ्याच माणसांचा हिशेब दाखवा आणि ईसॉप त्यावर ठरवा.

व्हॅल्युएशनपेक्षा, म्हणजे कंपनीच्या ठरवलेल्या किमतीपेक्षा, लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम (कंपनी विकली तर आधी कुणाला किती मिळणार) जास्त बारकाईने वाचा. समजा, कंपनी ५ कोटींना विकावी लागली. ‘१ पट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल तर फंड आपले २ कोटी उचलतो, बाकीच्यांना ३ कोटी. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर २ कोटी घेऊन उरलेल्या ३ कोटींतही २५ टक्के, म्हणजे एकूण २ कोटी ७५ लाख. एका शब्दाला ७५ लाख! इथे अडून बसा, त्यासाठी व्हॅल्युएशन थोडं सोडावं लागलं तरी चालेल.

तुमचे स्वतःचे शेअरही बहुधा ४ वर्षांच्या व्हेस्टिंगवर जातील, म्हणजे टप्प्याटप्प्याने तुमचे पक्के होतील, पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्कं नाही. हे अपमानाचं मानू नका. दोघांतला एक सहा महिन्यांत निघून गेला तर ४० टक्के घेऊन जाऊ नये, ही सोय दुसऱ्याच्याही फायद्याची. जितके महिने आधीच काम केलंय तितकं व्हेस्टिंग धरून मागा.

आणि २ कोटी किमान १८ महिने पुरले पाहिजेत. गुंतवणुकीची पुढची फेरी उभी करायलाच सहा महिने सहज जातात. चांगला फंड पुढच्या गुंतवणूकदारांशी गाठ घालून देतो, मोठ्या खरेदीदारांची दारं उघडतो, पण दर महिन्याला आकडेही मागतो.

प्रश्न : आमची भागीदारी संस्था आहे. फंडाकडून पैसे घ्यायचे तर कागदपत्रांत काय अडतं? (एक वाचक, शिरपूर)

भागीदारी संस्थेला शेअर देता येत नाहीत, म्हणून आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. मग नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, पीएएस-४ प्रस्तावपत्र (शेअर देऊ करण्याचा ठरावीक फॉर्म) आणि पैशांसाठी वेगळं बँक खातं. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे वाटप कळवणारा फॉर्म. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. घाईत कच्चा माल उचलला जातो तो नेमका याच टप्प्यावर. शेअरच्या जादा किमतीवरचा ‘एंजल टॅक्स’ मात्र २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, त्याची धास्ती नको.

फंडाच्या तपासणीत गाडी अडते ती घरच्याच गोष्टींवर : शेड वडिलांच्या सातबाऱ्यावर आणि भाडेकरार नाही, ट्रेडमार्क भावाच्या नावावर, सॉफ्टवेअर कुणा विद्यार्थ्याने लिहिलेलं पण हक्क कंपनीला लिहून दिलेले नाहीत, रोखीची विक्री जीएसटी विवरणात नाही. पहिल्या तिन्ही गोष्टी करार करून निस्तरता येतात. चौथीसाठी सीएकडे टर्म शीट येण्याआधीच जा.