शिष्यवृत्तीची अट मुलीलाच का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे, अकरावीला 78 टक्के होते. गावात ती किशोरवयीन मुलींचा गट चालवायची. गेल्या वर्षी तिने ग्रामसेवकांना कळवून वर्गमैत्रिणीचं लग्न थांबवलं. त्यावरून भावकीत वाद झाला, म्हणून आम्ही गट बंद करायला लावला. नेतृत्व करणाऱ्या मुलींना मोठी शिष्यवृत्ती मिळते असं ऐकलं. एक जण 5,000 रुपयांत ‘युवा नेतृत्व पुरस्कार’ मिळवून देतो म्हणतो. घ्यावा का? ती वकिली करायचं म्हणते. मुलगा पुण्यात खासगी कॉलेजात इंजिनीअरिंगला आहे, त्याचं कर्ज चालू आहे. आम्ही कुणबी, शेती चार एकर. शिष्यवृत्ती मिळाली तरच हिला शिकवू, नाहीतर स्थळं बघू. – एक पालक

उत्तर : पुरस्कार घेऊ नका. ते 5,000 रुपये तिच्या प्रवेशासाठी ठेवा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीवर थांबले. मुलाला पुण्याला पाठवताना तुम्ही कर्ज काढलंत. तेव्हा ‘शिष्यवृत्ती मिळाली तरच’ असं म्हणाला होतात का? मुलीला मात्र आधी शिष्यवृत्ती आणून दाखवायची आहे. त्याहून मला लागलं ते हे, की ज्या कामामुळे तिला कुणी शिष्यवृत्ती देईल, तेच काम तुम्ही बंद पाडलंत. अर्जात लिहायला तिचं नेतृत्व हवं, पण गावात ते नको. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं?

भावकीची भीती मी समजू शकते. एकाच बांधाला बांध लागून राहायचं असतं. पण तिने केलं ते कायद्याला धरून. महाराष्ट्रात ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, म्हणजे ती योग्य माणसाकडे गेली. मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं. त्या वादात तुम्ही तिच्या बाजूने उभे राहिलात का, याबद्दल पत्रात काही नाही. राहिला नसाल, तर अजूनही वेळ गेलेली नाही.

आता तो प्रमाणपत्रांचा गैरसमज. नेतृत्व म्हणजे पद, ढाल, फेटा बांधून काढलेला फोटो, असं आपल्याकडे धरून चालतात. मी मुलींना मुलाखतींसाठी तयार करते, तिथे ढाल कुणी बघत नाही. विचारतात ते असं : गटात किती मुली होत्या, कुठे जमायचात, कोण यायचं थांबलं आणि का, काय जमलं नाही, तू नसताना गट चालला का? विकत घेतलेल्या पुरस्कारावर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. शिवाय तो उघडा पडला, तर तिच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जातो. तिने साध्या वहीत तारीख, हजेरी आणि झालेली कामं लिहून काढावीत. ग्रामसेवक, अंगणवाडीताई किंवा शिक्षकांकडून एक पत्र घ्यावं. त्या मैत्रिणीचं नाव मात्र कुठेही लिहू नये.

आणि मुख्य म्हणजे, तुमच्या मुलीच्या फीसाठी नेतृत्व सिद्ध करायची गरजच नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बारावीनंतरची पाच वर्षांची वकिली यात येते. प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांच्यामागे आजच लागा. पडताळणीला वेळ लागतो आणि त्यापायी प्रवेश अडतात. बँक खातं आधारला जोडून घ्या. राहण्या-जेवणाचा खर्च माफीत येत नाही. त्यासाठी मुलींच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा आणि जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात सावित्रीबाई फुले आधार योजनेची चौकशी करा.

राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या पाच वर्षीय विधी परीक्षेला कोणतीही शाखा चालते, नोंदणी चुकवू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठं खुणावत असतील तर त्यांची प्रवेश परीक्षा ‘क्लॅट’ आहे. त्यासाठी ‘आयडीआयए’ ही संस्था ग्रामीण आणि गरीब घरच्या मुलांना तयारीला आणि पुढच्या शिक्षणाला मदत करते. तिथे तुमच्या मुलीसारख्या मुलीने जरूर अर्ज करावा.

‘मुलीची जात आणि वकिली’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींबद्दल सांगा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवीला अव्वल आल्या. त्या यशावर इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती त्यांना बाई म्हणून नाकारली. इतरांनी पैसे जमवले, 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि कायदा शिकल्या. त्यांनी शिष्यवृत्ती नाही म्हणून शिकणं सोडलं नाही, आणि त्यांच्या मागे उभं राहणारं कुणीतरी होतं.

तिला अजून शिष्यवृत्ती मिळालेली नाही, मिळेल की नाही तेही मी सांगू शकत नाही. तरीही या आठवड्यात तिला समोर बसवून सांगा, की तू शिकणार आहेस, पैशाचं आपण मिळून बघू. स्थळांचा विषय पाच वर्षं घरात काढू नका. आणि रविवारी तिचा गट पुन्हा भरू द्या. गावात जागा कुणी देत नसेल, तर तुमच्याच ओट्यावर.